जीवाणूचा ठावठिकाणा

पावसाळा तोंडावर आला की मुंबई महापालिकेच्या आरोग्य खात्याकडून एक आवाहन हमखास येते: साचलेल्या पाण्यातून चाललात, तर ताप येण्याची वाट पाहू नका, डॉक्टरांना भेटा. या आवाहनामुळे ‘लेप्टो’ हे नाव मुंबईकरांच्या तोंडी चांगलेच रुळले आहे. साकीनाक्यासारख्या भागात ते उगाच रुळलेले नाही. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आणि खैरानी रोडच्या अंगाने पसरलेले लहान कारखान्यांचे गाळे, भंगाराची गोदामे, डोंगरउतारावर आणि नाल्याकाठी दाटीने वसलेल्या वस्त्या, आणि विहार-पवईच्या तलावांतून निघून या भागाजवळून कुर्ल्याकडे जाणारी मिठी नदी. पावसाने जोर धरला की सखल गल्ल्यांत पाणी तुंबते आणि त्यातूनच माणसे कामावर जातात. तरीही लेप्टो म्हणजे नेमके काय, असे विचारले तर बहुधा दोनच उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो घाण पाण्याचा आजार, कोणी म्हणतो उंदरांचा आजार. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण दोन्ही अर्धीच आहेत, आणि त्यांवर विसंबून केलेले उपायही अर्धेच राहतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षात जीवाणूचा आकार, रंग आणि नाव आधी शिकवले जाते; तो राहतो कुठे आणि एका आसऱ्यातून दुसऱ्या आसऱ्यात जातो कसा, हे मागाहून येते. माझे म्हणणे असे आहे की हा क्रम उलटा करायला हवा. जीवाणूचा ठावठिकाणा हाच त्याच्या ओळखीचा पाया आहे, आणि लेप्टोचा जीवाणू ही गोष्ट जितकी स्पष्ट दाखवतो तितकी फार थोडे जीवाणू दाखवतात.

आधी हा जीवाणू जवळून पाहू. त्याचे शास्त्रीय नाव लेप्टोस्पायरा. त्याची लांबी साधारण ६ ते २० मायक्रोमीटर, पण जाडी जेमतेम ०.१ मायक्रोमीटर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे सातशेच्या आसपास जीवाणू एकाला एक लावून सहज मावतील. शाळा-कॉलेजातल्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाला ०.२ मायक्रोमीटरपेक्षा बारीक गोष्ट वेगळी काढता येत नाही, त्यामुळे त्याखाली लेप्टोस्पायरा दिसतच नाही. त्यासाठी काळ्या पार्श्वभूमीचा सूक्ष्मदर्शक लागतो. त्यात दिव्याचा प्रकाश सरळ डोळ्यांत न येता नमुन्यावर तिरका पडतो, आणि जीवाणूवरून विखुरलेला तेवढाच प्रकाश वर येतो. काळ्याभोर क्षेत्रात रुपेरी, घट्ट पिळाचे बारीक धागे वळवळताना दिसतात, आणि त्यांची टोके आकड्यासारखी वाकलेली असतात. १९०७ मध्ये स्टिम्सन या अमेरिकी संशोधकाला एका मृत रुग्णाच्या मूत्रपिंडात हे जीवाणू दिसले, तेव्हा त्या वाकड्या टोकांमुळे त्याला प्रश्नचिन्हाची आठवण झाली आणि त्यावरूनच त्याने या प्रजातीचे नाव ठेवले. बहुतेक पोहणाऱ्या जीवाणूंच्या कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीचे चाबकासारखे बारीक तंतू, अंगाबाहेर असतात. लेप्टोस्पायराच्या दोन कशाभिका मात्र बाहेरच्या आवरणाच्या आत, दोन्ही टोकांकडून आत वळलेल्या असतात. त्या फिरल्या की सगळे शरीरच पीळ घेत पुढे सरकते. त्यामुळे चिकट, दाट द्रवातूनही त्याला वाट काढता येते. पाण्यातून त्वचेच्या भेगेत आणि तिथून रक्तात शिरण्याची त्याची हातोटी या रचनेतच आहे.

इथे एक आक्षेप लगेच येईल. विद्यार्थ्याला आधी मूलभूत तंत्रे यायला नकोत का? रंजन, संवर्धन, वर्गीकरण हे पक्के झाल्याशिवाय वस्ती आणि नाल्याच्या गोष्टी काय कामाच्या? आक्षेप रास्त आहे, आणि तंत्रे शिकवू नयेत असे कोणी म्हणत नाही. पण या तंत्रांची मर्यादा त्यांच्याबरोबरच शिकवली नाही, तर विद्यार्थ्याला वाटते की जे तंत्रात सापडले नाही ते नाहीच. हान्स ख्रिस्तियन ग्रॅम याने १८८४ मध्ये दिलेली रंगाची पद्धत आजही प्रत्येक प्रयोगशाळेत वापरली जाते. जांभळा रंग, आयोडीन, मग अल्कोहोल आणि शेवटी गुलाबी रंग. पेशीभित्तिका जाड असेल तर जांभळा रंग टिकतो, पातळ असेल तर धुऊन जातो. अर्ध्या शतकाहून जास्त काळ जीवाणूंची पहिली विभागणी या एका पद्धतीवर उभी राहिली, आणि ती योग्यच होती. पण लेप्टोस्पायरा इतका बारीक आहे की ग्रॅमच्या रंगात तो जवळपास दिसतच नाही. संवर्धनाचेही तसेच. आतड्यातला ई. कोलाय हा जीवाणू पोषक माध्यमात दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो, म्हणून संध्याकाळी लावलेल्या तबकडीवर सकाळी ठिपके दिसतात. लेप्टोस्पायराला दुप्पट व्हायला सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त लागतात. त्याला साखर चालत नाही, स्निग्धाम्ले लागतात. माणसाच्या शरीराच्या ३७ अंशांपेक्षा कमी, २८ ते ३० अंश तापमान मानवते. आणि संवर्धन नकारात्मक म्हणण्यापूर्वी काही आठवडे, कधी तीन महिनेही थांबावे लागते. म्हणजे नेहमीच्या दोन्ही चाचण्या केल्या आणि दोन्हींतून काही निघाले नाही, तरी रुग्णाला लेप्टो नाही असे म्हणता येत नाही. पाया पक्का करायचा तर हे त्याच पायात यायला हवे. कमी तापमान मानवण्याचा अर्थही ठावठिकाण्यानेच लागतो. हा जीवाणू केवळ उष्ण रक्तात राहत नाही. तो पाण्यात आणि ओल्या मातीतही दिवस काढतो.

या शोधाचा इतिहासही तेच सांगतो. रॉबर्ट कोख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जीवाणू दाखवला आणि त्यानंतर रोगाचे कारण सिद्ध करण्याच्या कसोट्या मांडल्या गेल्या: रुग्णात जीवाणू सापडावा, तो शुद्ध रूपात वाढवता यावा, निरोगी प्राण्यात सोडल्यावर तोच रोग व्हावा आणि तिथून तोच जीवाणू परत मिळावा. १८८६ मध्ये जर्मनीतील आडोल्फ वाइल यांनी ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाची इजा एकत्र येणाऱ्या आजाराचे वर्णन केले, पण कारण सापडायला जवळपास तीस वर्षे गेली. १९१५ च्या सुमारास जपानमधील र्‍योकिची इनादा आणि युताका इदो यांनी कोळसा खाणीतल्या कामगारांचे रक्त गिनीपिगला टोचून हा जीवाणू मिळवला. जवळजवळ त्याच वेळी पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत आजारी पडलेल्या सैनिकांत जर्मन संशोधकांनाही तो सापडला. खाण असो वा खंदक, दोन्हीकडे ओल होती आणि उंदीर होते. इदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१७ मध्ये उंदीर हा वाहक असल्याचे दाखवले आणि चित्र पुरे झाले. पण ठावठिकाण्याकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हेही याच काळात दिसले. हिदेयो नोगुची हे अत्यंत बुद्धिमान संशोधक. लेप्टोस्पायरा हे नाव त्यांचेच. १९१८ मध्ये इक्वाडोरमध्ये पीतज्वराच्या म्हणून दाखवलेल्या रुग्णांत त्यांना लेप्टोस्पायरा सापडला आणि पीतज्वराचे कारण तोच, असे त्यांनी जाहीर केले. दोन्ही आजारांत ताप आणि कावीळ असते, त्यामुळे रुग्ण निवडतानाच घोळ झाला होता. पीतज्वर विषाणूमुळे होतो आणि डासातून पसरतो. त्याच आजारावर आफ्रिकेत काम करताना १९२८ मध्ये तो होऊनच नोगुची गेले. प्रयोगशाळेतला जीवाणू खरा होता, पण तो कुणाच्या रक्तातून, कुठल्या मार्गाने आला याची साखळी तपासली गेली नव्हती.

मुंबईला तर हा धडा फार आधी, फार मोठी किंमत देऊन मिळाला होता. प्लेगचा जीवाणू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये शोधला. दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. म्हणजे साथ आली तेव्हा जीवाणू शास्त्रज्ञांच्या हाती होता. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. परळची आजची हाफकिन संस्था याच कामातून उभी राहिली. पण जीवाणू उंदरातून माणसात येतो कसा, हे तेव्हा ठाऊक नव्हते. म्हणून सरकारने घरे उघडी पाडली, कार्बोलिकने धुतली, माणसांना जबरदस्तीने हलवले. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवा हा दुवा असल्याचे दाखवले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. जीवाणूचे नाव माहीत असणे आणि त्याची वाट माहीत असणे यांत किती अंतर असते, ते या शहराने त्या काळात मृत्यूंच्या आकड्यांत मोजले.

आता साकीनाक्याच्या वाटेकडे येऊ. घूस आणि मोठा उंदीर यांच्या मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांत लेप्टोस्पायरा ठाण मांडून बसतो. तिथे तो पातळ थर करून राहतो आणि उंदराला त्याचा बहुधा काहीही त्रास होत नाही. उंदीर खातो-पितो, पिल्ले देतो आणि लघवीवाटे महिनोन्महिने लाखोंनी जीवाणू बाहेर टाकतो. कुत्री, डुकरे, गुरे हीदेखील हा जीवाणू बाळगतात, पण शहरात मुख्य भार उंदराचा आणि घुशीचा. लघवी कोरड्या जमिनीवर पडली आणि ऊन लागले, तर जीवाणू लवकरच मरतो. क्लोरीन, आम्ल, उष्णता, खारे पाणी यांपुढेही तो टिकत नाही. मात्र गोडे, जवळपास उदासीन पाणी किंवा ओली माती मिळाली तर तो काही आठवडे, कधी महिनेही तग धरतो. गटाराच्या चेंबरपासून गाळ्याच्या उंबऱ्यापर्यंत साचलेले पावसाचे पाणी त्याला नेमके हेच देते. त्या पाण्यात एखादा कामगार चपलेवर उभा राहतो. दिवसभर ओल्या राहिलेल्या पायाला चिखल्या झालेल्या असतात, बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सुटलेली असते, पत्र्याने कापलेली टाच अजून भरलेली नसते. जीवाणूला एवढे दार पुरते. डोळे, नाक, तोंड यांच्या आतल्या मऊ त्वचेतूनही तो जातो. म्हणून लेप्टोला पाण्याचा आजार म्हणणे किंवा उंदराचा आजार म्हणणे अपुरे ठरते. उंदीर, तुंबलेले गोडे पाणी आणि फुटलेली किंवा मऊ त्वचा हे तिन्ही एका ठिकाणी, एका वेळी आले, तरच शहरात हा आजार सहसा होतो. यातला एकही दुवा निखळला की साखळी तुटते.

२६ जुलै २००५ ला हे तिन्ही दुवे सबंध उपनगरांत एकदम जुळले. सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यात मात्र ७३ च्या आसपास. साकीनाक्याला दरड कोसळून अनेक जण दगावले, मिठी पात्राबाहेर आली, लाखो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून तासन्‌तास चालत घरी गेली. पुढच्या काही आठवड्यांत मुंबईतल्या रुग्णालयांत लेप्टोचे रुग्ण मोठ्या संख्येने आले, आणि त्या उद्रेकाचे अहवाल वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले. पण हा आजार २००५ मध्ये अचानक अवतरला नव्हता. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयातील डॉक्टरांनी २००० च्या पावसाळ्यानंतर वस्त्यांतल्या तापाच्या मुलांची तपासणी करून त्यांच्यात लेप्टो असल्याचे आधीच दाखवले होते, आणि पुराच्या पाण्यात खेळणे, चालणे किंवा ते घरात शिरणे यांच्याशी त्याचा संबंध जोडला होता. ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरातही हेच दिसले. तिथल्या वस्त्यांतल्या अभ्यासांत उघड्या गटाराजवळचे, पूर येणाऱ्या खोलगट जागेतले आणि कचऱ्याच्या ढिगाशेजारचे घर यांचा संसर्गाशी ठळक संबंध आढळला. तिथली माणसे निराळी, पण वस्तीची रचना सारखी. जगभरात लेप्टोचे दरवर्षी सुमारे १० लाख रुग्ण आणि ५८,९०० मृत्यू होतात, असा अंदाज २०१५ मध्ये मांडला गेला. सिंधुदुर्गात भातशेतीत राबणाऱ्या शेतकऱ्यांनाही हा आजार होतो. शेतातला चिखल आणि साकीनाक्याची तुंबलेली गल्ली यांचे चित्र वेगळे असले तरी जीवाणूच्या लेखी दोन्ही जागा सारख्याच.

दुसरा आक्षेप गोळीचा. डॉक्सिसायक्लिन ही स्वस्त आणि परिणामकारक गोळी आहे, पाण्यातून चालल्यावर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घ्या असे महापालिकाही सांगते. मग ठावठिकाण्याची एवढी चर्चा कशाला? या गोळीला भक्कम पुरावा आहे, हे आधी मान्य करायला हवे. पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकी सैनिकांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देऊन केलेला प्रयोग १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती औषधहीन गोळी घेतलेल्यांत ४.२ टक्के सैनिक आजारी पडले, डॉक्सिसायक्लिन घेतलेल्यांत ०.२ टक्के. पण ते सैनिक तीन आठवडे जंगलात होते आणि मग परत गेले. अंदमानात स्थानिक लोकांवर झालेल्या, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेगळे दिसले. गोळीने प्रत्यक्ष आजाराचे प्रमाण कमी केले, पण जीवाणूचा संसर्ग होण्याचे प्रमाण फारसे घटले नाही. कारण ती माणसे त्याच जागेत राहत होती आणि जीवाणू रोज नव्याने येत होता. साकीनाक्याचा रहिवासी पनामाच्या सैनिकासारखा परत जाणारा नाही. तो अंदमानच्या रहिवाशासारखा तिथेच राहणारा आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत किती वेळा पाण्यात उतरणार आणि किती वेळा गोळी घेणार? शिवाय गोळी फक्त लेप्टोस्पायराला शोधून मारत नाही, आतड्यातल्या असंख्य उपयोगी जीवाणूंवरही ती चालते, आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू तयार होण्याचा मार्ग असाच मोकळा होतो. गर्भवतींना आणि लहान मुलांना हे औषध देताना डॉक्टर पर्यायाचा विचार करतात. ज्याला धोका आहे त्याने गोळी जरूर घ्यावी. पण सगळ्या शहराने दर पावसाळ्यात तिच्यावर विसंबून राहावे, हे धोरण होऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप उंदरांचा. मूळ उंदरात आहे तर उंदीर मारा. महापालिकेच्या कीटकनाशक खात्याचे मूषक विनाशक रात्री टॉर्च आणि काठी घेऊन गल्ल्या पालथ्या घालतात, विषारी गोळ्या टाकल्या जातात, बिळे बुजवली जातात. हे काम अत्यंत कष्टाचे आहे आणि ते थांबवू नये. पण नुसत्या संहाराने प्रश्न सुटतो असे पुरावा सांगत नाही. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि पिल्ले दोन-तीन महिन्यांत वयात येतात. अन्न आणि आसरा तसाच राहिला, तर रिकामी झालेली बिळे शेजारच्या गल्लीतले उंदीर येऊन भरतात. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही गल्ल्यांत उंदीर मारल्यावर मागे उरलेल्यांत लेप्टोस्पायरा बाळगणाऱ्यांचे प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले दिसले. कळपातली घडी विस्कटली की उंदीर इकडेतिकडे फिरतात, नव्या जागेवरून भांडतात आणि त्यातून संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. उंदरांची संख्या खरी कमी होते ती कचरा वेळेवर उचलला गेला, उघडी गटारे झाकली गेली, भिंतीतली भगदाडे बुजली, धान्य आणि खरकटे बंद डब्यात राहिले, तरच.

चौथा आक्षेप वरवर पटणारा आहे: जंतू म्हटला की वाईट, मग फिनाईल आणि जंतुनाशके ओतून सगळेच जंतू मारले तर? सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने पहिल्याच महिन्यात मनातून काढायची समजूत कुठली असेल, तर ती हीच. लेप्टोस्पायराच्या कुळातच रोग न करणाऱ्या प्रजाती आहेत. बायफ्लेक्सा ही त्यातली एक. ती नदीनाल्यांच्या पाण्यात स्वतंत्रपणे जगते आणि माणसाला काही करत नाही. म्हणून मिठीच्या पाण्याच्या थेंबात पिळदार धागा दिसला, एवढ्यावरून ते पाणी लेप्टोचे ठरत नाही. दिसण्यात सारखे असणारे हे दोन जीवाणू त्यांच्या राहण्याच्या जागेने वेगळे ठरतात: एकाला पाणी पुरते, दुसऱ्याला मूत्रपिंड लागते. मलमूत्रातून येणाऱ्या इतर जीवाणूंवरून लेप्टोचा धोका मोजता येत नाही, हेही त्याच कारणाने. फार मैला मिसळलेले पाणी इतर कितीतरी रोगांना धोकादायक असते, पण लेप्टोसाठी उंदीर वावरत असलेल्या गल्लीतले स्वच्छ दिसणारे पावसाचे पाणीही पुरेसे आहे. आणि या जीवाणूला मारण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग बाटलीतला नाही. पाण्याचा निचरा होऊन जमीन वाळली की तो आपोआप मरतो. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशी होती, आणि २००५ नंतर ती ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याच्या कामाला वेग दिला गेला. मिठीच्या पात्राची रुंदी, पंपिंग स्टेशन, मे महिन्यातली नालेसफाई ही कामे अभियंत्यांची म्हणून आपण बाजूला ठेवतो. लेप्टोच्या दृष्टीने ती थेट आरोग्याची कामे आहेत.

या सगळ्यावर एक नैतिक आक्षेपही ऐकू येतो: लोकच निष्काळजी असतात, चपला घालत नाहीत, कचरा गटारात टाकतात, ताप अंगावर काढतात. काळजी घेतलीच पाहिजे, यात वाद नाही. पाण्यात उतरावे लागलेच तर गमबूट घालावेत, जखम झाकावी, घरी आल्यावर साबणाने पाय धुऊन कोरडे करावेत. ताप आला तर दुकानातून वेदनाशामक आणून दोन दिवस थांबू नये. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो हे तिघेही तापाने सुरू होतात आणि नोगुचींसारख्या तज्ज्ञाचाही जिथे घोटाळा झाला तिथे घरच्या अंदाजाचा काय भरवसा? पोटऱ्या विलक्षण दुखणे, चिपडे न येता डोळे लालबुंद होणे, यांवरून डॉक्टरांना शंका येते. पण पाण्यातून चालल्याचे त्यांना आपण होऊन सांगायला हवे. तपासणीची वेळही महत्त्वाची. संसर्गानंतर साधारण ५ ते १४ दिवसांनी ताप येतो. पहिल्या आठवड्यात जीवाणू रक्तात असतो, तेव्हा त्याची जनुकीय चाचणी उपयोगी पडते. प्रतिपिंडे मात्र आठवडा होत आला की रक्तात ठीक दिसू लागतात. म्हणून तिसऱ्या दिवशी केलेली प्रतिपिंडांची चाचणी नकारात्मक आली, तर लेप्टो नाही असा निष्कर्ष निघत नाही. दुर्लक्ष झाले तर कावीळ, मूत्रपिंड निकामी होणे, फुप्फुसात रक्तस्राव असे प्रकार जिवावर बेततात. वेळेत औषध सुरू झाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. इतके सगळे मान्य करूनही दोष माणसावर टाकून भागत नाही. गाळ्यात पाणी शिरते म्हणून रोजंदारी बुडवता येत नाही, कामगाराने गमबूट स्वतःच्या पैशाने आणावेत हीच अपेक्षा असते, आणि घरासमोरचे गटार उघडे ठेवण्याचा निर्णय त्याने घेतलेला नसतो. जीवाणूचा ठावठिकाणा तपासला की जबाबदारीचाही ठावठिकाणा लागतो, आणि तो बहुतेक वेळा रुग्णाच्या पायापेक्षा पुष्कळ वर असतो.

मग सूक्ष्मजीवशास्त्र शिकवावे कसे? साकीनाक्यापासून थोड्याच अंतरावर कालिन्याला मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल आहे, आणि उपनगरांतल्या अनेक महाविद्यालयांत हा विषय शिकवला जातो. तिथल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या वहीत सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र असावेच, पण त्याच्या शेजारी एका गल्लीचा नकाशाही असावा: गटार कुठे उघडे, कचराकुंडी कुठे, पाणी कुठे किती तास साचते, उंदरांची बिळे कुठल्या भिंतीत, कोण अनवाणी काम करतो. जीवाणूची वाढ शिकताना त्याने विचारावे, ही वाढ प्रयोगशाळेत ज्या तापमानात होते त्या तापमानाचे पाणी आपल्या शहरात कुठे असते? प्रतिजैविक शिकताना विचारावे, हे औषध कोणासाठी आठवड्याभराचे आहे आणि कोणासाठी चार महिन्यांचे? लेप्टोस्पायराचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००३ मध्ये उलगडला, आणि त्यातून या जीवाणूच्या आतल्या यंत्रणेबद्दल पुष्कळ कळले. तो आराखडा आज कुणालाही संगणकावर पाहता येतो. साकीनाक्यातल्या कुठल्या गल्लीत पाणी तुंबते आणि तिथे कोण पाण्यात उभे राहून काम करते, ही माहिती मात्र कुठल्याही संगणकावर आयती मिळणार नाही. ती गोळा करणे हेही विज्ञानच आहे, आणि या शहरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्याने ते पहिल्याच वर्षी हाती घ्यावे.